पावसाचा निरोप आणि माशाचा मेंदू

बालाघाट जिल्ह्यातील वारासिवनी, लांजी, कटंगी व किरणापूरकडील सपाट मुलूख आणि त्यालगतचे महाराष्ट्रातील गोंदिया व भंडारा हे जिल्हे वैनगंगेने एकत्र बांधलेले आहेत. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि भंडारा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला. तरी भाताच्या बांध्या, गावाशेजारचा जुना तलाव, शेतातली बोडी आणि त्यांच्या पाण्यावर उपजीविका करणारा ढीवर समाज हे चित्र सीमेच्या दोन्ही बाजूंस आजही सारखेच आहे. मालगुजारांच्या काळी बांधलेल्या तलावांनी येथील भाताला पाणी दिले आणि गरिबाच्या ताटाला मासळी दिली.

या तलावांत वाढणाऱ्या माशांपैकी कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे महत्त्वाचे. ते झपाट्याने वाढतात, एकमेकांच्या अन्नावर फारसे आक्रमण करीत नाहीत आणि बाजारात त्यांना भाव मिळतो. परंतु त्यांच्यात एक मोठी अडचण आहे. तलावात ते वाढतात, पोसतात, माद्यांच्या पोटात अंडी भरतात; आणि तरीही त्या अंडी घालीत नाहीत. म्हणून तलावात दरवर्षी बाहेरून मत्स्यबीज आणून सोडावे लागते. ज्या मच्छीमार सहकारी संस्थेने तलाव ठेक्याने घेतला आहे, तिला वेळेवर आणि खात्रीचे बीज मिळाले नाही, तर तिचे सबंध वर्ष वाया जाते. या अडचणीचे उत्तर माशाच्या मेंदूत सापडले. चेतापेशी एकमेकींशी कसा संवाद साधतात आणि त्या संवादात पेप्टाइड संप्रेरकांचा वाटा कोणता, याचा शोध प्रयोगशाळांत घेतला गेला आणि त्याचे फळ तळ्याकाठच्या माणसाच्या हाती आले. त्या शोधाची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

तळ्यातील मासा अंडी का घालीत नाही?

कटला, रोहू आणि मृगळ हे मुळात नदीचे मासे होत. आषाढ-श्रावणात नदीला पूर येतो, पाणी गढूळ होते, काठावरील उथळ जमीन पाण्याखाली जाते आणि प्रवाहाला वेग येतो. अशा वेळी हे मासे प्रवाहाविरुद्ध चढून जातात व उथळ पाण्यात अंडी सोडतात. तलावाच्या साचलेल्या पाण्यात हा बदल त्यांना जाणवत नाही. मादीच्या अंडाशयातील अंडी एका विशिष्ट अवस्थेपर्यंत वाढतात व तेथेच थांबतात. पावसाळा सरला की ती हळूहळू विरून शरीरातच जिरतात.

याचा अर्थ असा, की अंडी तयार होणे आणि अंडी बाहेर पडणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दुसऱ्या क्रियेसाठी बाहेरच्या जगाचा एक निरोप यावा लागतो. पाण्याचे तापमान, प्रवाह, दिवसाची लांबी, पाण्यातील बदललेली द्रव्ये हे सारे माशाची कातडी, डोळे आणि घ्राणेंद्रिय टिपतात. परंतु अंडाशयास डोळेही नाहीत आणि नाकही नाही. पाऊस आला, हे त्यास सांगावयाचे कोणी? हे काम मेंदू करतो.

मेंदूतील दोन प्रकारची भाषा

मेंदू असंख्य चेतापेशींचा बनलेला असतो. एका पेशीचा लांब तंतू दुसऱ्या पेशीच्या अगदी जवळ जातो, परंतु बहुतेक ठिकाणी तिला चिकटत नाही. मध्ये अत्यंत सूक्ष्म फट असते. पहिल्या पेशीतून आलेला विद्युत्संदेश या फटीशी पोहोचला, की तेथे रासायनिक द्रव्य सांडते, ते पलीकडच्या पेशीवरील ग्राहीस जाऊन मिळते आणि संदेश पुढे जातो. अशा द्रव्यांना चेताप्रेषक म्हणतात. हा व्यवहार सेकंदाच्या हजाराव्या भागात घडतो. हात पोळला असता आपण तो तत्काळ मागे घेतो, ते यामुळेच.

याखेरीज मेंदूची दुसरी, संथ भाषा आहे. काही चेतापेशी पेप्टाइड नावाची द्रव्ये तयार करतात. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात, त्याच आम्लांच्या आखूड साखळ्यांना पेप्टाइड म्हणतात. पेशीच्या मुख्य भागात आधी एक लांब साखळी तयार होते, तिचे योग्य ठिकाणी तुकडे केले जातात, ते तुकडे सूक्ष्म पिशव्यांत भरले जातात आणि तंतूच्या टोकापर्यंत वाहून नेले जातात. तेथून बाहेर पडलेले पेप्टाइड कधी शेजारच्या पेशीवर, तर कधी रक्तातून दूरच्या ग्रंथीवर परिणाम करते. त्याचा परिणाम सावकाश सुरू होतो आणि दीर्घकाळ टिकतो. पहिली भाषा हाकेसारखी आहे, तर दुसरी गावात फिरवलेल्या दवंडीसारखी.

मानवी शरीरातही हीच योजना आहे. मधुमेही रुग्णास टोचले जाणारे इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे पेप्टाइड संप्रेरक आहे. प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाचे आकुंचन घडविणारे ऑक्सिटोसिन केवळ ९ आम्लांचे असून ते मेंदूतील चेतापेशींतच तयार होते.

चेतापेशी ग्रंथीप्रमाणे संप्रेरक स्रवते, ही कल्पना आज सामान्य वाटते. पूर्वी मात्र चेतासंस्था वेगळी आणि ग्रंथी वेगळ्या, असा पक्का समज होता. १९२८ मध्ये एर्न्स्ट शारर या जर्मन संशोधकाने एका लहानशा माशाच्या मेंदूत ग्रंथीसारख्या दिसणाऱ्या चेतापेशी पाहिल्या आणि त्या स्राव निर्माण करीत असाव्यात, असे मत मांडले. विद्वानांना ते बराच काळ पटले नाही. पुढे त्यांची पत्नी बेर्टा शारर यांनी कीटकांत अशाच पेशी शोधून या मताला बळकटी आणली. मेंदूविज्ञानातील एका मोठ्या सत्याचा पहिला पुरावा असा माशाने दिला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कटक येथील प्रयोग

मेंदूच्या तळाशी पियुषिका नावाची लहानशी ग्रंथी असते. तिलाच पिट्युटरी असेही म्हणतात. अंडाशयास अखेरचा आदेश देणारे संप्रेरक या ग्रंथीतून स्रवते. तेव्हा नदीचा निरोप पोहोचत नसेल, तर पियुषिकेचा अर्कच माशास टोचावा, असा विचार पुढे आला. १९३० मध्ये अर्जेंटिनात बेर्नार्दो ऊसाय यांनी या दिशेने प्रयोग केले आणि १९३४ च्या सुमारास ब्राझीलमध्ये या पद्धतीने माशांचे प्रजनन साधले.

भारतात हे यश डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी मिळविले. केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेच्या कटक येथील विभागात काम करीत असता १९५७ च्या जुलै महिन्यात त्यांनी पियुषिकेचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांकडून साचलेल्या पाण्यात अंडी घालवून घेतली. या यशाच्या स्मरणार्थ १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. तोपर्यंत मत्स्यबीज म्हणजे पुराच्या वेळी नदीत जाळी लावून गोळा केलेले जिरे, एवढाच अर्थ होता. त्यात हव्या माशांबरोबर नको असलेल्या आणि हिंसक माशांचीही पिले येत, आणि ज्या वर्षी नदीने हात आखडता घेतला त्या वर्षी तलाव रिकामे राहत.

मात्र अर्काच्या पद्धतीत काही उणिवा होत्या. पक्व माशांच्या डोक्यातून ग्रंथी काढावयाच्या, त्या शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवावयाच्या, ऐन वेळी कुटून त्यांचा अर्क करावयाचा आणि मादीला काही तासांच्या अंतराने दोनदा टोचावयाचा, असा तो खटाटोप होता. कोणती ग्रंथी किती जोमदार हे बाहेरून कळत नसे. मासा कोवळा असला किंवा ग्रंथी वेळेवर काढली नसली, तर सारे श्रम फुकट जात.

दहा मण्यांची माळ

पियुषिका अंडाशयास आदेश देते हे कळले, पण पियुषिकेस कोण आदेश देतो? हा शोध मेंदूतील अधोथॅलॅमस या भागापाशी येऊन थांबला. अमेरिकेत रॉजर गिलमँ यांनी मेंढ्यांच्या आणि अँड्र्यू शॅली यांनी डुकरांच्या लाखो मेंदूंतून हा भाग वेगळा काढून त्यातील द्रव्ये शुद्ध करण्याचे काम वर्षानुवर्षे केले. लाखो मेंदूंतून हाती येणारे द्रव्य चिमूटभरही नसे. १९७१ मध्ये पियुषिकेस प्रजननाची आज्ञा देणाऱ्या पेप्टाइडाची रचना उलगडली. त्यात केवळ १० अमिनो आम्ले होती. १९७७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना आणि रक्तातील संप्रेरकांचे सूक्ष्म मोजमाप करण्याची रीत शोधणाऱ्या रोझलिन यॅलो यांना मिळाले.

१९८३ मध्ये सामन माशाच्या मेंदूतील याच जातीचे पेप्टाइड वाचले गेले. तेही १० आम्लांचेच निघाले. सस्तन प्राण्यांच्या माळेहून त्याचे फक्त सातवे आणि आठवे मणी निराळे होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी माशांची आणि सस्तन प्राण्यांची वाट वेगळी झाली, तरी दहांपैकी आठ अक्षरे तशीच राहिली, यावरून निसर्गाने हा शब्द किती जपून ठेवला आहे हे दिसून येते.

नैसर्गिक पेप्टाइड टोचले, तर शरीरातील पाचकद्रव्ये ते काही मिनिटांतच तोडून टाकतात. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी माळेतील सहावा मणी आणि शेवटचे टोक बदलून अधिक टिकाऊ प्रतिरूप तयार केले. तरीही अनेक माशांत त्याचा पुरेसा परिणाम दिसेना. त्याचे कारण कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात रिचर्ड पीटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनमाशावर केलेल्या अभ्यासातून समजले. माशाच्या मेंदूतून पियुषिकेकडे दोन विरुद्ध आज्ञा येतात. दहा मण्यांचे पेप्टाइड 'सोड' म्हणते. डोपामिन हा चेताप्रेषक 'थांब' म्हणतो. तळ्यातील माशात 'थांब' ही आज्ञा वरचढ ठरते. तेव्हा 'सोड' म्हणणाऱ्यास बळ द्यावे आणि त्याच वेळी 'थांब' म्हणणाऱ्याचा आवाज बंद करावा, अशी दुहेरी योजना पीटर आणि चीनमधील लिन हाओरान यांनी सिद्ध केली. दोघांच्या नावांतील अक्षरे जोडून तिला लिन्पे पद्धत असे नाव मिळाले.

याच तत्त्वावर ओव्हाप्रिम हे औषध तयार झाले. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये सामन माशाच्या पेप्टाइडाचे प्रतिरूप २० मायक्रोग्रॅम आणि डोपामिनला अडविणारे डॉम्पेरिडोन १० मिलिग्रॅम असते. डॉम्पेरिडोन म्हणजे ओकारी थांबविण्यासाठी डॉक्टर माणसास देतात तेच औषध होय. पुढे याच तत्त्वावरील ओव्हाटाइडसारखी औषधे आपल्या देशातही तयार होऊ लागली. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. दोन किलो वजनाच्या रोहू मादीस किलोमागे ०.४ मिलिलिटर या प्रमाणात औषध टोचले, तर तिच्या शरीरात केवळ १६ मायक्रोग्रॅम पेप्टाइड जाते; आणि तेवढ्याने ती काही लाख अंडी सोडते. मेंदूचे शब्द किती मोजके आणि किती परिणामकारक असतात, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

नागपूरच्या प्रयोगशाळेतील मागूर आणि मृगळ

१९५६ पर्यंत नागपूर ही ज्या प्रांताची राजधानी होती, त्यात बालाघाटचा समावेश होता. या नागपूरच्या विद्यापीठात माशाच्या मेंदूतील पेप्टाइडांवर अनेक वर्षे संशोधन झाले, ही गोष्ट आपल्या भागात फारशी ठाऊक नाही. डॉ. निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामासाठी भाताच्या चिखलात सापडणारा देशी मागूर मासा निवडला.

माशाची निवड करण्यास शास्त्रीय कारणही आहे. माणसात अधोथॅलॅमसमधील संप्रेरक सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या मार्गाने पियुषिकेच्या पुढील भागात जाते. बहुतेक अस्थिमत्स्यांत मात्र चेतापेशींचे तंतूच थेट पियुषिकेत शिरलेले असतात. त्यामुळे कोणती पेशी पियुषिकेशी बोलते, हे तंतूंचा माग काढून पाहता येते. नागपूर येथे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मागूर माशाच्या मेंदूत आणि पियुषिकेत हे प्रजननप्रेरक पेप्टाइड कोठे आढळते, याचा नकाशा मांडण्यात आला.

यासाठी वापरलेली रीत समजण्यास कठीण नाही. मेंदूचे अतिशय पातळ काप काढतात. ज्या पेप्टाइडाचा शोध घ्यावयाचा, केवळ त्यालाच चिकटणारे प्रतिपिंड त्या कापांवर सोडतात. जेथे ते चिकटते तेथे रासायनिक क्रियेने रंग उमटवितात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता फिकट पार्श्वभूमीवर तेवढ्याच पेशी आणि त्यांचे तंतू उठून दिसतात.

पुढे मृगळ मादीवरही असे काम झाले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घ्राणेंद्रियातील चेतापेशी व त्यांचे मेंदूकडे जाणारे तंतू तपासले असता, त्यांतील या पेप्टाइडाचे अस्तित्व माशाच्या प्रजननाच्या ऋतुचक्राप्रमाणे बदलते, असे दिसून आले. नव्या पाण्याचा वास हाच माशास मिळणारा निरोप असतो, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. परंतु घ्राणेंद्रिय आणि प्रजननाचा ऋतू यांचा मेंदूत निकटचा संबंध आहे, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

बीज केंद्रावरील उपयोग

मत्स्यबीज केंद्रावर आता या ज्ञानाचा उपयोग नित्याचा झाला आहे. प्रथम प्रजननक्षम जोडी निवडतात. पक्व मादीचे पोट फुगीर आणि मऊ असते. तिचे गुदद्वार लालसर दिसते. पक्व नराचे छातीवरील पर हातास खरखरीत लागतात आणि पोटावर हलका दाब देताच दुधासारखे वीर्य बाहेर येते. सायंकाळी एकदाच औषध टोचून जोड्या गोल टाकीत सोडतात. टाकीत पाणी सतत फिरते ठेवतात, त्यामुळे प्रवाहाचा आभास निर्माण होतो. बहुधा दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत अंडी पडतात. पाण्याचे तापमान २७ ते ३१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असल्यास १४ ते १८ तासांत पिले बाहेर येतात. सुमारे तीन दिवसांनी त्यांच्या पोटाखालची अन्नपिशवी संपते, आणि मग ते जिरे संगोपन तळ्यात सोडण्याजोगे होतात. तेथे दोन ते तीन आठवड्यांत मत्स्यबीज आणि दोन-तीन महिन्यांत बोटुकली तयार होते.

औषधाची मर्यादा

हे औषध म्हणजे जादू नव्हे, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. पेप्टाइड हा केवळ निरोप आहे. ज्या मादीच्या पोटात अंडी पक्व झालेली नाहीत, तिला कितीही मात्रा टोचली तरी उपयोग होत नाही. उलट ती दगावण्याचा संभव असतो. म्हणून पावसापूर्वीचे तीन-चार महिने प्रजनक माशांना सकस खाद्य, पुरेशी जागा आणि स्वच्छ पाणी देणे हेच खरे काम होय.

दुसरा धोका अधिक गंभीर आणि डोळ्यांस न दिसणारा आहे. नदीत हजारो मासे आपापली जोडी शोधतात. बीज केंद्रावर मात्र जोडी माणूस ठरवितो. त्याच त्या मोजक्या माशांपासून वर्षानुवर्षे बीज घेतले, तर जवळच्या नात्यातील संकर वाढतो, पिले खुरटतात आणि रोगास बळी पडतात. कर्नाटकातील बीज केंद्रांच्या अभ्यासावरून अंबेकर एकनाथ आणि रॉजर डॉइल या शास्त्रज्ञांनी १९९० मध्येच हा इशारा दिला होता. एकाच टाकीत रोहू आणि कटला एकत्र सोडल्यास संमिश्र संतती होते, तीही बीजाची शुद्धता बिघडविते. यावर उपाय म्हणजे प्रजनक मासे ठराविक काळाने दुसऱ्या ठिकाणांहून आणणे, जाती वेगळ्या ठेवणे आणि कोणत्या जोडीपासून कोणते बीज घेतले याची नोंदवही ठेवणे. भुवनेश्वरजवळील केंद्रीय संस्थेने निरनिराळ्या नद्यांतील रोहू एकत्र आणून निवडीने विकसित केलेली 'जयंती' रोहू १९९७ मध्ये प्रसृत झाली. तिच्या मुळाशीही नद्यांतील विविधताच आहे.

म्हणूनच नदीतील माशांचे रक्षण आजही तितकेच महत्त्वाचे आहे. मध्य प्रदेशात १९७२ च्या नदीय मत्स्योद्योग नियमांनुसार १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नदीतील मासेमारी बंद असते. हेच दोन महिने माशाच्या मेंदूतून 'सोड' ही आज्ञा निघण्याचे असतात. या काळात जाळ्यात आलेली एक मादी म्हणजे लाखो अंड्यांचा नाश होय. पेप्टाइडाचे प्रतिरूप कारखान्यात तयार करता येते. परंतु नदीतील माशांचे वाण एकदा नष्ट झाले, तर ते कोणत्याही कारखान्यात तयार होणार नाही.

संस्था आणि शाळा यांच्यासाठी

जिरे अवस्थेत कटला, रोहू आणि मृगळ साध्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. म्हणून संस्थांनी शक्यतो बोटुकली अथवा वाढलेले बीज घ्यावे, ते नोंदवही ठेवणाऱ्या केंद्रावरूनच घ्यावे आणि पावतीवर जातवार संख्या लिहून घ्यावी. बीजाची पिशवी तळ्यावर आणताच न फोडता १५ ते २० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी. आतील व बाहेरील पाण्याचे तापमान समान झाल्यावर बीज हळूहळू सोडावे.

शिक्षकांस हा विषय वर्गात सहज शिकविता येईल. दहा मण्यांच्या दोन माळा ओवाव्यात. पहिल्या माळेतील सातवा आणि आठवा मणी एका रंगाचा व दुसरीतील निराळ्या रंगाचा ठेवावा. एक माळ मेंढीची, दुसरी सामन माशाची. दोन प्राण्यांचे नाते रेणूंतून कसे वाचता येते, हे विद्यार्थी यावरून विसरणार नाहीत. ज्या मुलांच्या घरी मासेमारीचा व्यवसाय आहे, त्यांना नर-मादी कशी ओळखावी आणि कोणत्या पाण्यात कोणता मासा केव्हा चढतो हे विचारावे. त्या वर्गात तीच मुले शिक्षकाची साहाय्यक ठरतील, आणि त्यांच्या घरच्या ज्ञानास विज्ञानाशेजारी स्थान मिळेल.

मेंदूतील पेशींच्या संभाषणाचा अभ्यास हा दूरच्या शहरातील विद्वानांचा विषय आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या मागुराचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेला तो आपल्या शेतातील आहे, ज्या मृगळेचा ऋतू मोजला गेला ती आपल्या तलावातील आहे आणि त्या अभ्यासाचा लाभही याच तलावांना होत आहे. शास्त्रज्ञांनी पावसाचा निरोप वाचून दाखविला. त्याचा जपून उपयोग करणे, बीजाची शुद्धता राखणे आणि पुराच्या दिवसांत नदीला विसावा देणे हे काम आता तळ्याकाठच्या संस्थांचे, अधिकाऱ्यांचे आणि शाळांचे आहे.